कोकणातील कातळावर घायपाताची बाग

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्रापासून जवळच, कातळावर घर आहे. विहीर फेब्रुवारीअखेर तळ गाठते आणि त्यानंतर विकत घेतलेले टँकरचे पाणी घरापुरतेच पुरते. म्हणून पाणी न मागणारी बाग करावी, या विचाराने पुण्याच्या रोपवाटिकेतून अगेव्हची, म्हणजे आपल्या घायपाताच्या जातकुळीतील, निरनिराळी रोपे आणून गेल्या मृगात खड्डे करून लावली. गणपती येईपर्यंत त्यांतील बहुतेक बुडाशी कुजून गेली. ही झाडे कोकणात होतच नाहीत काय, आणि होत असतील तर पुन्हा लावताना काय निराळे करावे?

ही झाडे कोकणात होतात आणि चांगली होतात. मात्र त्यांच्याविषयी जे सल्ले सर्वत्र दिले जातात, ते कोरड्या प्रदेशांसाठी तयार झालेले आहेत आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलले की नेमके आपल्यासारखे नुकसान होते. पुण्यात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो साधारणपणे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पडतो आणि त्यातील फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. त्यामुळे इथल्या कोरडवाहू बागेची आखणी पाणी कसे मिळेल यापेक्षा पाणी कसे निघून जाईल या हिशेबाने करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत घायपाताचे झाड आपल्याला फारसा त्रास देणार नाही. जुलैत ते जगले, तर पुढचे आठ महिने त्याच्याकडे बघितले नाही तरी चालते.

यामागचे कारण समजून घेतले की पुढच्या सूचना लक्षात ठेवणे सोपे जाते. घायपाताची पाने दिवसा आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात आणि दिवसा उन्हाच्या बळावर त्याची साखर करतात. त्यामुळे पाण्याचा अपव्यय फार कमी होतो आणि जाड पानांतील साठ्यावर झाड महिनोन् महिने तग धरते. पण याच झाडाची मुळे उथळ, पसरट आणि हवेला भुकेली असतात. आठवडाभर पाण्यात बुडून राहिलेल्या, वर पंचवीस अंशांच्या पुढे तापमान असलेल्या मातीत ती गुदमरतात, आणि अशा अर्धमेल्या मुळांवर बुरशी व सडवणारे जिवाणू लगेच बसतात. त्यातच आषाढातले मळभ दिवसच्या दिवस हटत नाही, ऊन मिळत नाही, पानांच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, पाणी साचून राहते आणि सड वरून व खालून अशी दोन्हीकडून सुरू होते.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. घायपाताचे मूळ घर मेक्सिको, आणि मेक्सिकोच्या बऱ्याच भागातही पाऊस जून ते सप्टेंबर-ऑक्टोबरातच पडतो. म्हणजे या झाडांचे ऋतुचक्र आपल्या ऋतुचक्राच्या विरुद्ध नाही. पावसाळ्यात वाढायचे आणि नंतर थांबायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलेच आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. हलिस्को प्रांतातील तेकिलाच्या परिसरात, जिथे निळ्या घायपाताची मोठी लागवड आहे, तिथे वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे आपल्या एका तृतीयांशाइतका. उत्तरेकडच्या वाळवंटी भागातील जातींना तर तेवढाही ठाऊक नसतो. म्हणून जात निवडताना ती मूळ कुठली आहे, हे विचारणे अतिशय महत्त्वाचे आहे आणि त्याकडे पुढे येतो.

आधी जागेविषयी, कारण आपले नुकसान तिथेच झाले आहे. कातळात आंब्याची कलमे लावताना सुरुंग लावून किंवा पहारीने खड्डा काढायचा, त्यात लाल माती भरायची, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि आंब्याला ती मानवते, कारण त्याची मुळे पुढे भेगांतून खोल जातात. घायपाताला हाच खड्डा जीवघेणा ठरतो. जांभा वरून सच्छिद्र दिसला तरी खाली अनेक ठिकाणी घट्ट थर असतो. अशा कातळात काढलेला खड्डा मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत हौदासारखा भरतो आणि श्रावण संपेपर्यंत त्यातील पाणी उतरत नाही. हवे तर पुढच्या पावसात एक रिकामा खड्डा ठेवून पाहावे, म्हणजे खात्री पटेल. तेव्हा खड्डा मुळीच काढू नये. कातळाच्या वर, दीड ते दोन फूट उंचीचा उंचवटा रचावा आणि झाड त्याच्या माथ्यावर किंवा माथ्याजवळच्या उतारावर लावावे.

उंचवट्याची कड जांभ्याच्या तुकड्यांनी गडग्यासारखी सुकी रचावी, म्हणजे सिमेंट न वापरता. सिमेंटने सांधलेली कड दिसायला नीटनेटकी असली तरी तिच्या आत पाणी कोंडते. गवंडी आग्रह धरतात, पण ऐकू नये. अगदी तळाला डोक्याएवढे चिऱ्याचे तुकडे, त्यावर मुठीएवढे, त्यावर खडी, असे हळूहळू बारीक होत जाणारे थर द्यावेत. मोठ्या दगडांवर थेट माती टाकली, तर मातीचे पाणी दगडांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशी अडून राहते. म्हणून थर एकमेकांत मिसळत जाणारे असावेत. कातळाला नैसर्गिक उतार ज्या दिशेने असेल त्या बाजूची कड सैल रचावी आणि वरच्या बाजूने वाहत येणारे पाणी उंचवट्याला वळसा घालून जाईल अशी उथळ चर ठेवावी. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथून किमान चार-पाच फूट दूर राहावे. आंबा, फणस, काजू यांच्या खालची जागा तर नकोच. सावलीपेक्षाही त्यांची गळणारी पाने जास्त घातक, कारण ती पोंग्यात अडकून तिथेच कुजतात.

मातीच्या मिश्रणात माती कमी आणि दगड जास्त असावा. काळ्या दगडाची सहा ते दहा मिलिमीटरची खडी दोन भाग, धुतलेली जाड क्रशसँड एक भाग, चाळलेली लाल माती एक भाग आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट अर्धा भाग, हे प्रमाण किनाऱ्यावर मला समाधानकारक वाटते. चिरेखाणीतला भुगा फुकट मिळतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. त्यात चिकण अंश भरपूर असतो, पावसात त्याचा लगदा होतो आणि उन्हाळ्यात तो पुन्हा दगडासारखा आवळतो, म्हणून तो टाळावा. चिऱ्याच्या मोठ्या कपच्या मात्र थरात चालतात. पुळणीची वाळू आणू नये: ती बारीक आणि खारी असते, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणे योग्यही नाही. नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आपल्याकडे घरोघरी उपलब्ध असला तरी या कामासाठी तो सर्वांत वाईट, कारण पाणी धरून ठेवणे हाच त्याचा गुण आहे. आणखी एक बाब म्हणजे जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तर घायपाताला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी जमीन बरी वाटते. प्रत्येक घमेल्यामागे मूठभर शिंपल्यांचा चुरा मिसळला तरी पुरते. ताजा भाजलेला चुना मात्र घालू नये, त्याने मुळे होरपळतात. मोठ्या क्षेत्रावर काम करायचे असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात मातीची चाचणी करून घेणे श्रेयस्कर.

लागवडीची वेळ हा दुसरा मुद्दा. कोकणात मृग निघाला की हातात पहार घेऊन सगळे झाडे लावायला निघतात, आणि बहुतेक झाडांसाठी ते योग्यही आहे. घायपात लावायचा तो पाऊस संपल्यावर, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. तेव्हा जमीन अजून उबदार असते, ऊन स्वच्छ असते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळे धरायला सात-साडेसात महिने मिळतात. रोप पिशवीतून काढल्यावर त्याच्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा पूर्ण धुऊन काढावा, काळी पडलेली मुळे छाटावीत आणि रोप आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर, उघडेच ठेवावे. नवख्या माणसाला हे क्रूर वाटते, पण या काळात जखमा सुकतात आणि सडण्याचा धोका बराच कमी होतो. लावताना मान, म्हणजे पाने जिथून फुटतात तो भाग, मातीच्या दोन बोटे वर राहील असे पाहावे आणि भोवती खडीचा दोन इंचांचा थर द्यावा.

रोप सरळ उभे न लावता पंधरा-वीस अंश तिरके लावावे, आणि त्याचा कल ईशान्येकडे ठेवावा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. त्याच्याकडे पाठ केलेल्या रोपाच्या पोंग्यात पाणी कमी शिरते आणि शिरलेले लवकर ओघळून जाते. हे दिसायला पहिले वर्षभर थोडे विचित्र वाटते, नंतर झाड स्वतःच सावरून घेते.

पहिले पाणी लावल्यानंतर आठवड्याने द्यावे. त्यानंतर पहिल्या हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीपासून तीन आठवड्यांनी एकदा, आणि मेच्या मध्यापासून पूर्ण बंद. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा दिले तरी चालते, आणि दिले नाही तरी बहुतेक जाती मरत नाहीत. पाने थोडी आत वळतात, इतकेच. कोकणातला उन्हाळा कोरडा असला तरी हवा दमट असते, त्यामुळे देशावरच्या तुलनेत इथे झाडातून पाणी कमी उडते. टँकर मागवावा लागणाऱ्या घराला या बागेचा खरा आधार हाच आहे. खताची फारशी गरज नाही. पाऊस संपल्यावर झाडाभोवती थोडी राख आणि ओंजळभर कंपोस्ट पुरे. शेणखत किंवा युरिया देऊन पाने लुसलुशीत केली, तर पुढच्या जुलैत तीच आधी सडतात.

आता जातींविषयी, कारण इथे निवड चुकली तर बाकीची मेहनत वाया जाते. सर्वांत भरवशाची म्हणजे अंगुस्टिफोलिया, आणि त्यातही पिवळट-पांढऱ्या कडांची जात, जी जुन्या बंगल्यांच्या आवारात आणि सरकारी विश्रामगृहांच्या वाटांवर नेहमी दिसते. तिचा मूळ प्रदेश मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंत, किनारपट्टीसह पसरलेला असल्याने ती दमट हवा आणि खारा वारा दोन्ही सोसते. वाखासाठी लावला जाणारा सिसालाना हाही तितकाच काटक. देसमेतियाना ही बिनकाट्याच्या कडांची, फुलदाणीच्या आकाराची जात उंचवट्यावर छान राहते, मात्र ती लवकर फुलते आणि त्यामुळे लवकर संपते. अटेनुआटा, ज्याच्या मऊ, राखाडी-हिरव्या पानांना टोकाला काटा नसतो, मुले असलेल्या घरासाठी उत्तम. तिला थोडी जास्त ओल चालते, परंतु एप्रिलच्या दुपारच्या उन्हात कातळाच्या झळीने तिची पाने भाजतात, म्हणून पश्चिमेकडे भिंत किंवा चाफ्यासारखे विरळ झाड असावे. अमेरिकाना, म्हणजे मोठा निळसर घायपात, समुद्राकाठी तगतो, पण पावसाळ्यात त्याच्या पानांवर डाग पडतात आणि त्याचा विस्तार सहा-सात फुटांपर्यंत जातो, तेव्हा जागा मोठी असेल तरच तो घ्यावा.

व्हिक्टोरिया-रेजिने, पॅरी, पोटाटोरम या लहान, रेखीव जातींच्या चित्रांना भुलून लोक महागडी रोपे आणतात. आपल्या नुकसानीत यांचाच वाटा मोठा असावा, असा माझा अंदाज आहे. त्या जमिनीत लावूच नयेत. मातीच्या कुंडीत लावून जूनच्या आरंभी पडवीत, जिथे उजेड भरपूर येतो पण सर येत नाही, अशा जागी हलवाव्यात आणि पाणी जवळजवळ बंद करावे. कुंडी हलवणे शक्य नसेल तर वर पारदर्शक पत्र्याचे, चारही बाजूंनी उघडे, छोटे छप्पर करावे. झापांचे छप्पर स्वस्त पडते, पण ते उजेड अडवते आणि खाली दमट अंधार होतो, त्यापेक्षा पाऊस परवडला.

रोपवाटिकांत घायपात म्हणून फुर्क्रेयाही विकला जातो. पाने अधिक लांब, तकतकीत हिरवी, मध्ये पांढरे-पिवळे पट्टे, आणि फुले आली तर ती खाली लोंबणारी, हिरवट-पांढरी. तो घायपाताचा जवळचा नातेवाईक असून पावसाला अधिक सरावलेला आहे. फसवणूक झाली असे मानण्याचे कारण नाही, उलट आपल्या हवेत तो फायद्याचाच सौदा ठरतो.

रोगांच्या बाबतीत उपचारांपेक्षा प्रतिबंधावर भर द्यावा. मधला पोंगा हलका ओढला असता हातात आला आणि त्याला आंबूस घाण वास असेल, तर ते झाड गेले असे समजून उपटून दूर टाकावे; जिवाणूंच्या या सडीवर इलाज नाही. पानांवर गोल, खोलगट, तपकिरी-काळे डाग पडत असतील तर ती बहुधा करपा रोगाची बुरशी असते. ती पाने कोरड्या दिवशी मुळापासून कापून जाळावीत. सुपारीच्या बागांत कोळे रोगासाठी वापरले जाणारे एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, इथेही उपयोगी पडते. मेअखेरीस एक आणि ऑगस्टच्या उघडिपीत एक फवारणी करावी, आणि पाने मेणचट असल्याने द्रावणात चिकटणारे द्रव्य घालावे. पानांवर निळसर पुटे राहतात, ती काही महिने सोसावी लागतात. हे औषध रोग येऊ नये म्हणून आहे, आलेला रोग त्याने बरा होत नाही. कोरड्या दिवसांत पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसते. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने ती निघते. पावसात गोगलगायी मऊ पानांच्या जातींवर चढतात, त्या रात्री विजेरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय.

सर्वांत जास्त श्रम मात्र गवत काढण्यात जातात, आणि हे कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडे जुलैत मोकळ्या खडीतूनही रान माजते आणि काटेरी पानांच्या आत हात घालून ते उपटणे हे खरोखर कष्टाचे काम आहे. म्हणून दोन झाडांत निदान चार ते सहा फूट अंतर ठेवावे आणि गवत बी धरण्यापूर्वी, श्रावणाच्या आतच, एक फेरी पूर्ण करावी. या कामाला गडी ग्रासकटर घेऊन आला तर त्याला घायपाताजवळ ते यंत्र चालवू देऊ नये. पात्याने चिरडलेल्या पानांचा रस अंगावर उडतो, त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्वचेवर तीव्र खाज सुटून फोड येतात. डोळ्यात गेल्यास धोका मोठा. पाने कापताना लांब हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा आवश्यक. पायवाटेच्या कडेला असलेल्या झाडांच्या पानांची टोके नखकात्रीने अर्धा सेंटीमीटर खुडली तर झाडाला काही होत नाही आणि माणसांचे डोळे वाचतात.

बहुतेक घायपात आयुष्यात एकदाच फुलतात आणि मग मरतात. सिसालाना सात-दहा वर्षांत, अमेरिकाना दहा ते तीस वर्षांत केव्हाही फुलतो. घायपात शंभर वर्षांनी फुलतो ही केवळ कहाणी आहे. फुलोऱ्याचा दांडा वीस-पंचवीस फुटांपर्यंत उंच जातो. फुले ओसरून तो वाळू लागला की पावसापूर्वी, मेच्या पहिल्या पंधरवड्यातच कापून घ्यावा, कारण २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यात आले आणि २०२० चे निसर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात. तोवर तो उभा राहिला तर घराच्या कौलांवर यायचा. मूळ झाडाभोवती तोवर पिल्ले फुटलेली असतात, ती दिवाळीच्या सुमारास पुढील लागवडीसाठी काढावीत.

सिसालानाच्या दांड्यावर लहान रोपटीही शेकड्यांनी येतात आणि खाली पडतील तिथे रुजतात. हा इशारा मी मुद्दाम देतो. घराच्या आवारापलीकडे मोकळा सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, असेल तर ती रोपटी गळण्यापूर्वी दांडा उतरवावा आणि कुंपण म्हणून सड्यावर घायपात लावू नये. सडे ओसाड दिसतात, पण पावसाळ्यात तिथे कोकण दीपकाडीसारख्या, जगात इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती फुलतात आणि काही सड्यांवर कातळशिल्पे आहेत. एकदा घायपाताचे रान माजले की ते काढणे अवघड होते. सड्याकडच्या बाजूला निर्गुडी आणि कोरांटी लावावी, घराकडे चाफा, कोरफड, गवती चहा आणि सदाफुली घायपाताच्या सोबतीला ठेवावी. यांतील बहुतेकांना मेमध्ये टँकरचे पाणी फारसे लागत नाही.

जी रोपे अजून जिवंत आहेत, ती आता खड्ड्यात राहू देऊ नयेत. पाऊस ओसरून चार-पाच दिवस ऊन पडले की ती काढून, बुडाचा तपकिरी भाग पांढरा घट्ट गाभा दिसेपर्यंत धारदार सुरीने कापावा, कापलेल्या भागावर गंधकाची पूड लावावी आणि दोन आठवडे पडवीत कोरडी ठेवून मग नव्या उंचवट्यावर लावावीत. गाभ्यापर्यंत डाग गेलेला असेल तर त्या रोपावर वेळ घालवू नये.